चाकाआडची चकती

जपानात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या खरेदीची यादी साधारण ठरलेली असते. राईस कुकर, गाद्या, पडदे आणि लगेच सायकल. घर ते स्टेशन, स्टेशन ते सुपरमार्केट, मुलांची शाळा, शनिवारचा भाजीपाला, सगळं सायकलवर. पुण्यात दहावीनंतर सायकल सोडून स्कूटीवर बसलेली मंडळीसुद्धा इथे पुन्हा पॅडल मारू लागतात. आणि सायकल आली की प्रत्येक ग्रुपमधला एक जाणकार येतो, ती उलटीपालटी करून बघतो आणि सल्ला देतो, "मागची ती प्लॅस्टिकची चकती पहिली काढून टाक. उगीच असते ती."

ही चकती तुम्ही पाहिली असेल, पण कदाचित तिच्याकडे लक्ष गेलं नसेल. बाहेरच्या गिअरच्या सायकलीला मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला लहानमोठ्या दातेरी चक्रांची चळत असते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या मागे, चक्र आणि स्पोक यांच्या मधोमध, एक पारदर्शक किंवा काळी गोल थाळी बसवलेली असते. तिचं शास्त्रशुद्ध नाव स्पोक प्रोटेक्टर. इंग्रजी बोलणारे हौशी सायकलपटू तिला 'डॉर्क डिस्क' म्हणतात, म्हणजे बावळटांची चकती. ज्याच्या सायकलला ती आहे तो नवशिका, असा त्यातला टोमणा.

काढावी की ठेवावी, हा प्रश्न पाच मिनिटांचा वाटतो. पण उत्तर शोधायला गेलं की गाडी फ्रान्सच्या डोंगरांतून ओसाकाजवळच्या एका जुन्या लोहारांच्या गावात आणि तिथून अमेरिकेच्या न्यायालयापर्यंत जाते. चला, तीच सफर करू या.

चकती करते तरी काय?

आपल्या लहानपणीच्या काळ्या सायकलला एकच फ्रीव्हील असायचं. चेन पडली तर बाहेरच्या बाजूला पडायची, हात काळे करून आपण ती पुन्हा चढवायचो, विषय संपला. गिअरच्या सायकलची गोष्ट वेगळी. इथे 'डिरेलर' नावाचा एक हात चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलतो. हा हात आत किती जाऊ शकतो आणि बाहेर किती, हे दोन छोट्या स्क्रूंनी ठरवलेलं असतं. सगळ्यात हलका गिअर टाकला की हा हात फिरत्या स्पोकपासून अवघ्या काही मिलिमीटरवर येऊन उभा राहतो.

आता समजा, आतल्या बाजूचा स्क्रू सैल झाला. किंवा, जास्त वेळा घडतं ते असं, की सायकल उजव्या अंगावर पडली आणि डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी (हँगर म्हणतात तिला) थोडी आत वाकली. वरून काही दिसत नाही. सायकल चालतेही. पण एखादा चढ आला, तुम्ही पहिला गिअर टाकला, की चेन मोठ्या चक्राच्याही पलीकडे उडी मारते आणि चक्र व स्पोक यांच्या सापटीत घुसते. तिच्या पाठोपाठ डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो. चाक जागच्या जागी थांबतं, स्पोक कापले जातात आणि बसणारा बिचारा चढावर, रहदारीत, तोल सावरत असतो.

चकती असेल तर चेन तिच्यावर आपटून घसरते आणि आत जात नाही. तिचं काम एवढंच. सगळं ठीक असेल तर तिला आयुष्यभर काहीही काम नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर हा एक्सेप्शन हँडलिंगचा कोड आहे. तो रोज चालत नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे असं नव्या प्रोग्रॅमरला वाटतं.

गिअर नको म्हणणारे

गिअरची कल्पना फ्रान्समध्ये रुजली, पण तिला विरोधही तिथेच झाला. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे कमकुवतपणा वाटायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं शर्यतपटू मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी चक्रं लावून घ्यायचे, आणि चढ आला की खाली उतरून, चाक काढून, उलटं करून पुन्हा बसवायचे! डिरेलर वापरायची परवानगी टूरमध्ये मिळाली ती थेट १९३७ साली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शर्यतीच्या सायकलमागे मेकॅनिक असतो. रोज रात्री तो ती धुतो, पुसतो, गिअर लावून बघतो. अशा सायकलला चकतीची गरज नाही, आणि तिथे ती दिसतही नाही. 'खऱ्या सायकलला चकती नसते' हा समज इथून आला. आपण शर्यतवाल्यांची सायकल पाहिली, तिच्यामागचा मेकॅनिक पाहिला नाही.

जपानमधल्या केइरिनच्या सायकलींनाही चकती नसते. १९४८ साली कोकुरा इथे सुरू झालेली ही पैजेची शर्यत. पण त्या सायकलींना मुळात गिअरच नसतात आणि ब्रेकही नसतात, तेव्हा त्यांचा दाखला इथे चालायचा नाही.

बंदुका करणाऱ्यांचं गाव

गिअर ही चैनीची गोष्ट न राहता घरोघरी पोचली, त्यामागे एका जपानी गावाचा मोठा हात आहे. ओसाकाच्या दक्षिणेला चिकटून असलेलं साकाई. चहासमारंभाचे महागुरू सेन नो रिक्यू इथलेच. आणि इथलीच दुसरी परंपरा लोहारकामाची.

१५४३ साली पोर्तुगीजांच्या बंदुका तानेगाशिमा बेटावर उतरल्या. साकाईचा ताचिबानाया मातासाबुरो नावाचा व्यापारी तिथे जाऊन ती विद्या शिकून आला, आणि थोड्याच वर्षांत साकाई हे बंदुकांचं मोठं केंद्र बनलं. पुढे एदो काळात शांतता आली, तशी बंदुकांची मागणी घटली. इथल्या सुऱ्यांनी मात्र नाव कमावलं. साकाईची सुरी आजही जपानी स्वयंपाकघराची शान आहे. मेइजी काळात परदेशी सायकली आल्या तेव्हा त्या दुरुस्त करायला, त्यांचे मोडलेले भाग नव्याने घडवायला कोण पुढे आलं? पोलादाची नळी आणि बारीक यंत्रकाम जाणणारे हेच कारागीर. टोकियोतही तेच झालं. तिथल्या मियाता कंपनीचा उगमसुद्धा बंदुकीच्या कारखान्यातच आहे.

याच साकाईत फेब्रुवारी १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो या २६ वर्षांच्या तरुणाने भाड्याच्या जागेत एक लेथ घेऊन कारखाना काढला. पुढच्या वर्षी पहिला माल बाहेर पडला, तो म्हणजे आपलं ओळखीचं फ्रीव्हील. पॅडल थांबवलं तरी चाक फिरत राहावं म्हणून लागणारा हा भाग, आणि आत अतिशय बारीक काम. तिथून १९५६ मध्ये डिरेलर आणि १९५७ मध्ये चाकाच्या हबच्या पोटात बसणारे तीन गिअर, अशी ही कंपनी पुढे सरकत गेली.

हा हबच्या पोटातला गिअर आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. त्यात चेन जागची हलत नाही, सगळी अदलाबदल बंद डब्यात होते. त्यामुळे तीन गिअरच्या ममाचारीला चकती नसते आणि लागतही नाही. सहा किंवा सात चक्रं बाहेर दिसणारी सायकल असेल, तर प्रश्न चकतीचा. तुमच्या घरची कोणती, हे एकदा खाली वाकून बघा.

अमेरिकेचा नियम

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची प्रचंड लाट आली. त्याआधी तिथे सायकल ही मुख्यतः मुलांची वस्तू होती. आता मोठी माणसंही दहा गिअरच्या सायकली घेऊ लागली. फुजी, निशिकी अशा नावांच्या जपानी सायकली जहाजं भरभरून गेल्या. शिमानोने तर १९६५ मध्येच अमेरिकेत आपली कंपनी काढली होती. ज्यांनी आयुष्यात कधी डिरेलर पाहिला नव्हता असे लाखो लोक एकदम डिरेलर वापरू लागले. दुरुस्ती येणारे मात्र त्या प्रमाणात वाढले नव्हते.

त्याच दशकात अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सायकलींसाठी नियम केले. त्यात एक कलम होतं, की गिअर चुकीचा लावला गेला किंवा त्याला इजा झाली, तरी चेनने चाक अडता कामा नये, अशी आडकाठी हवी. आपली चकती ही त्या कलमाची सोपी आणि स्वस्त पूर्तता. त्या काळच्या सायकलींवर ती चकचकीत धातूची असायची, पुढे प्लॅस्टिकची झाली.

या नियमांविरुद्ध जॉन फॉरेस्टर नावाचा एक इंजिनिअर आणि कडवा सायकलपटू न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, आयोगाने मोठ्या माणसांच्या सायकलला खेळण्यासारखं वागवलं आहे. १९७७ च्या निकालात न्यायालयाने काही कलमं कायम ठेवली, काही पुनर्विचारासाठी परत पाठवली. फॉरेस्टरचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपलं यंत्र आपण ओळखतो, तर आपल्यावर संरक्षक भिंती का लादता, हा प्रश्न रास्तच आहे.

पण नियमांची एक सवलत फार बोलकी आहे. ट्रॅकवरच्या शर्यतीची सायकल आणि एखाद्या ग्राहकासाठी खास घडवलेली एकुलती एक सायकल, या दोन्ही त्यातून वगळलेल्या होत्या. का? मला उमगलेलं कारण असं, की जिथे घडवणाऱ्याला चालवणारा माहीत आहे तिथे बोलून, मोजून, समजावून काम होतं. जिथे माहीत नाही, तिथे वस्तूलाच सांभाळून घ्यावं लागतं. पुढे सायकलींसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यातही बाहेरच्या गिअरसाठी हा बचाव मागितला आहे. म्हणून दुकानातून येणारी सायकल चकतीसकट येते.

मग तंत्र सुधारलं, तरीही?

इथे जाणकार मंडळी म्हणतील, अहो, ते सत्तरचं दशक होतं. आता गिअर किती अचूक झालेत! बरोबर आहे, आणि त्याचं श्रेयही जपानी कंपन्यांनाच. माएदा कंपनीने, म्हणजे 'सनटूर'ने, १९६४ मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर आणला. तो चक्रांच्या उताराला समांतर सरकतो, त्यामुळे चेन नेमकी पडते. १९८४ च्या सुमारास त्याचं पेटंट संपलं. शिमानोने ती रचना स्वीकारली, आणि त्याच वर्षी त्यांच्या ड्युरा-एस या वरच्या श्रेणीत 'टक-टक' आवाज करत एकेक गिअर नेमका बसवणारी पद्धत आली. त्याआधी गिअर 'कानाने' शोधावा लागायचा, आता बोटाने मोजता येऊ लागला. ज्या सनटूरने मूळ कल्पना दिली, ती मात्र नव्वदच्या दशकात मागे पडली. या दोन कंपन्यांची ही कहाणी एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

२००९ मध्ये ड्युरा-एसवर विजेवर चालणारे गिअर आले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने तर डोंगरी सायकलींसाठी हँगरच काढून टाकून डिरेलर थेट सांगाड्याच्या मागच्या टोकाला धरणारी रचना विकायला आणली. म्हणजे जी पट्टी वाकते तीच नाहीशी केली. पण या सगळ्या महागड्या सायकली. आपल्या मुलांच्या सहा गिअरच्या सायकलला तोच साधा डिरेलर, तीच पट्टी. आणि कितीही अचूक डिरेलर असला तरी वाकलेल्या पट्टीवर तो अचूकपणे चुकीच्या जागीच जाणार!

सायकल पडते, कारण हा जपान आहे

आता आपल्या गल्लीत येऊ. जपानी सायकल कुठे उभी असते? स्टेशनच्या चुरिन्जोमध्ये, शेकडो सायकलींच्या रांगेत, हँडलला हँडल लावून. सत्तरच्या दशकात स्टेशनांबाहेर सायकलींचे इतके ढीग साचू लागले की 'गिनरिन कोगाइ', म्हणजे चंदेरी चाकांचं प्रदूषण, असा शब्द निघाला, आणि १९८० मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. त्यातून आजची शिस्तबद्ध वाहनतळं आली. पण रांग ती रांगच. कोणीतरी आपली सायकल ओढताना शेजारची ढकलतो आणि एकापाठोपाठ एक अशा दहा आडव्या होतात. तायफूनच्या दुसऱ्या दिवशी तर विचारूच नका. बरं, पाडणारा सभ्य जपानी माणूस त्या सगळ्या उचलून नीट उभ्या करून जातो. त्यामुळे आपली सायकल पडली होती, हे आपल्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाची. आपल्यातली कितीतरी कुटुंबं तीन-चार वर्षांनी परत जातात. मग 'सायोनारा सेल' लागतो. मुलांच्या सायकली एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तिथून तिसऱ्या. बोहान तोरोकुच्या नोंदणीवरचं नाव आपण आठवणीने बदलतो. पण सायकल किती वेळा पडली, गिअर कोणी लावला, याची नोंद कोणत्या कागदावर असते?

माझ्या मुलाची सायकल अशीच एका पुण्याला परतणाऱ्या कुटुंबाकडून आली. दिसायला छान, चकती मात्र पिवळी पडलेली. पहिल्या गिअरला मागून बारीक टिकटिक यायची. घराजवळच्या दुकानातल्या आजोबांनी सायकल स्टँडवर चढवली, मागे बसून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "ताओरेमाशिता ने." पडली होती ही. पट्टी आत वाकलेली होती. त्यांनी एक लांब दांडा लावून ती हळूच सरळ केली. चकतीवर चेन घासल्याच्या गोल रेघा होत्या, त्या त्यांनी मुलाला बोटाने दाखवल्या. म्हणजे ती टिकटिक चेन चकतीला लागल्याची होती. चकती नसती तर त्या रेघा स्पोकवर उमटल्या असत्या, आणि तेही शाळेजवळच्या चढावर. मुलाने मला विचारलं, "बाबा, मग ही चकती बावळटांची कशी?" उत्तर मी दिलं नाही, कारण त्याला ते मिळालेलं होतं.

साडी गार्डची बहीण

आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. भारतात मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जे साडी गार्ड असतं, ते १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतून आलेलं आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकायचा. गाडी घेतल्यावर ते काढून टाकणारे तरुण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. "माझ्या गाडीवर साडीवाली कोण बसणार?" आणि मग एक दिवस आई म्हणते, मला देवळापर्यंत सोड. ओढणी तर कोणाचीही असू शकते. जपानी ममाचारीच्या मागच्या चाकाला जाळी किंवा प्लॅस्टिकचं झाकण असतं तेही याच जातकुळीचं. स्कर्ट, कोटाचं टोक, मागे बसलेल्या लेकराचा पाय, यांच्यासाठी.

या सगळ्या वस्तूंमध्ये एक साम्य आहे. त्या मालकासाठी नसतात. मालकाने ज्याचा विचार केला नाही, त्या माणसासाठी असतात. मला या इतिहासात सापडलेलं मर्म हेच. चकती तुमच्या कौशल्यावर अविश्वास दाखवत नाही. ती तुमच्यानंतर ही सायकल चालवणाऱ्यासाठी आहे, आणि तुमच्या पाठीमागे ती पाडून, उचलून, नीट उभी करून गेलेल्या अनोळखी माणसाच्या हिशेबाचीही आहे.

मग काय करायचं?

ज्याची सायकल घरात राहते, जो स्वतः गिअर लावतो, हँगर तपासतो आणि सायकल दुसऱ्याला देत नाही, त्याने चकती खुशाल काढावी. फॉरेस्टरसाहेबांचं म्हणणं त्याला लागू आहे. मात्र काढण्याआधी सायकल स्टँडवर घेऊन, हाताने पॅडल फिरवत, हळूहळू पहिला गिअर टाकावा आणि मागून पाहावं, की चेन मोठ्या चक्रावर थांबते की पलीकडे जाऊ पाहते.

मुलांची सायकल, बाहेर उभी राहणारी सायकल, सेकंडहँड घेतलेली किंवा पुढे देऊन टाकायची सायकल, यांची चकती राहू द्या. पिवळी पडून तडकली असेल तर पक्कडीने तोडून मोकळे होऊ नका. तुटका तुकडा चेनमध्ये अडकू शकतो. दुकानात सांगून नवी बसवून घ्या, आणि ती सगळ्यात मोठ्या चक्राच्या मापाची आहे ना, ते बघा. वर्षातून एकदा सायकल तपासून टीएस मार्क लावून घेतलात तर हँगरही पाहिला जातो आणि सोबत वर्षभराचा विमाही मिळतो. आणि सायकल पुढच्या कुटुंबाला देताना, ती कधी पडली असेल तर तेवढं तोंडाने सांगा. बोहान तोरोकुच्या कागदात ते मावत नाही.

कानसाईला जाणं झालं तर नांबाहून नानकाई कोया लाइनने साकाई-हिगाशीला उतरा. २०२२ मध्ये नव्या इमारतीत आलेलं शिमानोचं सायकल संग्रहालय तिथून जवळ आहे. लाकडी सायकलींपासून आजच्या गिअरपर्यंत सगळं पाहायला मिळतं, मुलांना फार आवडेल. परत येताना साकाईची एखादी सुरीही घ्या. दिवाळीच्या फराळासाठी खोबऱ्याचे काप पातळ निघतील. आणि तीही म्यानात घालूनच ठेवा, घरात हात घालणारे आपण एकटेच नसतो.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. सायकल चालवा, हेल्मेट घाला आणि चाकाआडच्या त्या गरीब चकतीकडे एकदा प्रेमाने पाहा.